ठिपक्यानंतरची तीन अक्षरं

सलीमच्या कॅफेची आठवण आली की मला आधी बर्फ फोडण्याचा आवाज ऐकू येतो. मुरूडच्या बाजारातून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फाचा कारखाना होता आणि त्याला लागूनच्या खोलीत सलीमने तीन कॉम्प्युटर मांडले होते. लाद्या फोडायचं मशीन चालू झालं की आमच्या कॉम्प्युटरचे पडदे थरथरायचे आणि म्हावऱ्याचा, मासळीचा वास दाराच्या फटीतून आत यायचा. मी कॉलेजात नापास होऊन घरी बसले होते. मराठी टायपिंग येत होतं म्हणून सलीमने दुपारचं काम दिलं. दाखल्यांचे अर्ज, रेशन कार्डाच्या दुरुस्त्या, कुवेत-मस्कतला जाणाऱ्यांचे बायोडेटा मी टाइप करायचे. सलीम स्वतः काय करायचा, तर इंटरनेटवरून सिनेमे उतरवायचा. एक सिनेमा उतरायला दोन-दोन दिवस लागायचे. तो उतरला की सीडीवर चढवून गावभर वाटायचा आणि लोक त्याला फार हुशार समजायचे.

सिनेमा उतरला की तो एकटा कधी नसायचा. त्याच्याबरोबर त्याच फोल्डरात चार-पाच बारक्या फाइली येऊन पडायच्या. त्यांची नावं सिनेमाचीच, फक्त ठिपक्यानंतरची अक्षरं वेगळी. एनएफओ, एसआरटी, एसएफव्ही, कधी आयडीएक्स आणि सब अशी जोडी. सलीम त्यांना कचरा म्हणायचा आणि बघायच्या आधीच पुसून टाकायचा. मी एकदा विचारलं की हे काय असतं, तर तो म्हणाला, मुलींनी टायपिंग शिकावं, त्यांना तेवढं पुरतं. त्या दिवसापासून तो जेवायला गेला की मी तो कचरा उघडून बघायला लागले. उघडायची रीत माझी मीच शोधली. फाइल नोटपॅडमध्ये टाकायची आणि जे दिसेल ते वाचायचं. एनएफओत अक्षरांनी काढलेली चित्रं आणि सिनेमा कोणी चढवला त्याच्या बढाया असायच्या. एसआरटीत सिनेमातली सगळी बोलणी, प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर तास-मिनिट-सेकंद. ती सिनेमाशेजारी त्याच नावाने ठेवली की बोलणी पडद्याच्या तळाशी उमटायची, हे मला कळलं त्या दुपारी मी एकटीच हसले होते. एसएफव्ही म्हणजे फाइल पुरी उतरली की मधेच तुटली हे ताडून बघायचे आकडे. सब उघडली तर नुसता चिखल दिसायचा, कारण तिच्यात अक्षरं नव्हती, अक्षरांची चित्रं होती, आणि ती आयडीएक्सशिवाय चालत नसे. एकदा एक फाइल सिनेमाचं नाव घेऊन आली आणि ठिपक्यानंतर ईएक्सई होतं. सलीमने कॉम्प्युटरवर ती अक्षरं लपवून ठेवली होती, त्यामुळे त्याला दिसलीच नाहीत. त्याने उघडली आणि तिन्ही कॉम्प्युटर आठवडाभर आजारी पडले. मी मात्र सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं दिसतील असं करून ठेवलं आणि त्याला सांगितलं नाही.

हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवत होते. वहीच्या पहिल्या पानावर मी माझ्यासाठी एक गोष्ट लिहिली होती. नाव कोणी काहीही देऊ शकतं, पण फाइलच्या पोटात, अगदी पहिल्या ओळीत, ती खरी कोण आहे ते लिहिलेलं असतं. साधा फोटो नोटपॅडमध्ये उघडला तरी वेड्यावाकड्या चिन्हांत सुरुवातीलाच ईएक्सआयएफ ही चार ओळखीची अक्षरं दिसतात, पुढे कॅमेऱ्याचं नाव असतं. आज माझा मुलगा ही वही बघून हसतो. मोबाइलला विचारलं की सगळं सांगतो, म्हणतो. त्याला मी काय सांगू की मला विचारायला कोणीच नव्हतं.

आमचं घर जेटीपासून दहा मिनिटांवर, माडांच्या आत. अब्बा होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे होते. थंडीच्या दिवसांत पुण्या-मुंबईचे लोक यायचे, त्यांना शिडाच्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत फिरवून आणायचं हे त्यांचं काम. होडी जेटीवरच्या होडीवाल्या मंडळींची, सामाईक, पण शीड अब्बांचं स्वतःचं होतं. माझ्या दादांनी, अब्बांच्या वडिलांनी, हाताने शिवलेलं. पावसाळ्यात ते आमच्या ओटीवर गुंडाळून ठेवलेलं असायचं आणि अम्मी त्याच्यावर कोणाला बसू द्यायची नाही. अब्बा फार कमी बोलायचे. पहाटे चूल पेटायची, अम्मीच्या भाकरी थापायचा आवाज यायचा, आणि ते सुकटीची चटणी-भाकरी खाऊन, हात पुसून निघून जायचे. जाताना वाऱ्याकडे बघून एखादा शब्द बोलायचे, तोही आम्हाला नाही, वाऱ्याला. जेटीवर रस्सी बांधायला-सोडायला मुनाफ असायचा. सलीम त्याच्या बहिणीचा मुलगा. मुनाफ ईदला आमच्याकडे सांदणं खायला यायचा, अम्मी त्याला नारळाच्या रसाची वाटी दोनदा भरून द्यायची. मी त्याला चाचा म्हणायचे. इथे म्हणणार नाही.

तो अपघात सकाळी दहाच्या सुमारास झाला. पुण्याचं एक कुटुंब होडीत चढत होतं. एक सात-आठ वर्षांची मुलगी एक पाय जेटीवर आणि एक पाय होडीत टाकून उभी असताना होडी सरकली. मुलगी फटीत पडली, तिचा पाय होडी आणि दगडाच्या मध्ये सापडला आणि मोडला. अब्बांनी पाण्यात उडी मारून तिला वर काढलं. मुलीचा मामा कॅमेऱ्यावर सगळं टिपत होता. भाची पडताच तो धावला आणि कॅमेरा तिथेच बंद झाला. मुलीला अलिबागला नेलं. दोन दिवसांनी त्या मामाने रागाचं एक पत्र आणि चित्रफितीच्या फोल्डराचा दुवा पाठवला. मंडळींपैकी कोणाकडे ईमेल नव्हता, म्हणून मंडळींच्या बोर्डावर सलीमच्या कॅफेचाच पत्ता लिहिलेला होता. पत्र सलीमकडे आलं. तो आठवडा मी तापाने घरी होते. सलीमने फीत उतरवून घेतली, आणि दुवा सात दिवसांनी आपोआप मेला.

जुम्म्याच्या नमाजनंतर मंडळी कॅफेत जमली. अब्बांनी आधीच सांगितलं होतं की रस्सी मुनाफने सोडली, मी पकडायला धावलो. मुनाफने कुराणावर हात ठेवायची तयारी दाखवून सांगितलं की रस्सी हसनभाईच्या, म्हणजे अब्बांच्या हातात होती. मग सलीमने फीत लावली. फितीत पहिल्याच क्षणी अब्बा वाकलेले दिसतात, सुटी रस्सी त्यांच्या हातात, होडी सरकतेय, आणि मुलगी पडते. तेवढंच. सलीमने ती तीनदा लावली. करीमचाचा, मंडळींचे वडीलधारे, अब्बांना म्हणाले की हसन, डोळ्यांनी दिसतंय ते कसं नाकारायचं. अब्बांनी परत तेच वाक्य सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्यांना होडीवरून उतरवलं आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत नवा तांडेल नेमायचं ठरलं. नवा तांडेल कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. मुनाफ कित्येक वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होता. मंडळींच्या कागदपत्रांत ठेवायला म्हणून सलीमने सगळं फोल्डर जसंच्या तसं एका सीडीवर चढवलं आणि करीमचाचांच्या हातात दिलं.

अब्बा घरी बसले. पहाटे उठायचे, चटणी-भाकरी खायचे आणि ओटीवरच बसून राहायचे. बाजारात बायका अम्मीशी बोलायच्या, पण आवाज खाली करून. एक जण म्हणाली की उमर झाली की हात थरथरतात, अल्लाने मुलीचा जीव वाचवला. अम्मीने घरी येऊन म्हावरं साफ करताना सुरी अशी काही चालवली की मी जवळ गेले नाही. मी ताप उतरल्यावर परत कॅफेत गेले. घरात कोणाला ते आवडलं नाही. मी सांगितलं की काम हवंय. खरं कारण मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मला सलीमच्या पाठीकडे बघत बसायचं होतं. माझ्या आयुष्यात मी कोणाचा तेवढा द्वेष केला नाही, आणि त्या द्वेषाने मला फार हुशार केलं.

सलीम जेवायला गेला त्या दुपारी मी ते फोल्डर शोधलं. आत दोनच फाइली होत्या. एक फीत, आणि तिच्याशेजारी त्याच नावाची, त्याच आकड्याची एक बारकी फाइल. ठिपक्यानंतर टीएचएम. हे मी वहीत कधी लिहिलेलं नव्हतं. सिनेमांबरोबर ते कधी आलंच नव्हतं. मी डबल क्लिक केलं तर कॉम्प्युटर म्हणाला, ही कशाने उघडायची ते माहीत नाही. मग मी माझ्या रीतीने ती नोटपॅडमध्ये टाकली. पडद्यावर चिखल उमटला. पण त्या चिखलाच्या पहिल्या ओळीत ती चार अक्षरं होती, आणि त्यांच्यामागे कॅमेऱ्याचं नाव, आणि त्या दिवसाची तारीख, आणि सकाळचे दहा वाजून काही मिनिटं. म्हणजे ही फाइल फीत नव्हती, आकडेही नव्हते. हा फोटो होता, दुसऱ्या नावाखाली बसलेला. मी तिची एक नक्कल केली आणि नकलेची शेवटची तीन अक्षरं पुसून जेपीजी लिहिलं. एवढासा, टपालाच्या तिकिटाएवढा फोटो उघडला.

नंतर मला समजलं की काही कॅमेरे प्रत्येक फितीबरोबर तिच्या पहिल्या क्षणाचं एक छोटं चित्र वेगळं ठेवतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फिती ओळखता याव्यात. फीत कापली तरी त्या चित्राला कोणी हात लावत नाही. सलीमने फितीची सुरुवात कापून त्याच नावाने परत ठेवली होती. शेजारची फाइल त्याला दिसलीही असेल, पण त्याच्या लेखी तो कचरा, आणि या वेळी तो पुसायलाही विसरला. चित्रात जेटीचा लोखंडी खुंट अगदी जवळ होता. खुंटाशी पिवळी टोपी घातलेला मुनाफ, मान वाकडी करून खांद्याशी मोबाइल धरलेला, दोन्ही हातांनी रस्सीचा वेढा खुंटावरून काढतोय. मागे होडीत अब्बा पाठमोरे, एका म्हातारीला हाताला धरून बसवताहेत. त्यांचे दोन्ही हात त्या म्हातारीच्या हातात होते.

मी त्याच क्षणी घरी धावत जायला हवं होतं. मी गेले नाही. हे मी आज लिहिते आहे, कारण ते लपवलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. बैठकीला नऊ दिवस होते. मी ठरवलं की मुनाफला वर चढू द्यायचं. त्याने नवा सदरा घालून यावं, लोकांनी त्याचे हात हातात घ्यावेत, आणि मग. मी फोटो एका सीडीवर घेतला, दुसऱ्या दिवशी एसटीने अलिबागला जाऊन स्टुडिओत तो मोठा करून आणला, आणि माझ्या कपड्यांच्या घडीत ठेवला. रोज दुपारी कॅफेत जाऊन मी सलीमचे अर्ज टाइप केले. मुनाफ यायचा, भाच्याशी हसायचा, माझ्या डोक्यावर हात ठेवून अब्बांची तब्येत विचारायचा. मी सांगायचे की बरी आहे. ते नऊ दिवस मला गोड लागले. एवढं गोड मला पुढे फार थोडं काही लागलं.

सहाव्या दिवशी मी घरी आले तर अब्बा अंगणात बसले होते आणि त्यांच्यासमोर शीड पसरलेलं होतं. त्याचे तुकडे केलेले. पावसाळ्यात लाकडांवर घालायला आणि गोठ्याच्या कुडाला लावायला तुकडे बरे, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. अम्मी दारात उभी होती. कात्री तिनेच आणून दिली होती, कारण त्यांनी मागितली आणि नाही म्हणायची तिची ताकद नव्हती. मी आत गेले आणि कपड्यांच्या घडीवर हात ठेवून उभी राहिले. तेव्हाही मी बोलले नाही. तीन दिवस राहिले होते.

बैठक जेटीजवळच्या शेडमध्ये असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर भरली. तिथे बायका जात नाहीत. मी गेले. मुनाफने खरंच नवा सदरा घातला होता. करीमचाचांनी त्याचं नाव घेतलं तेव्हा मी पुढे होऊन मोठा फोटो त्यांच्या हातात दिला. सगळे उठून भोवती जमले. मुनाफच्या चेहऱ्याकडे मी बघत राहिले, तेवढ्यासाठीच तर मी आले होते. सलीमने घाईने सांगितलं की कॉम्प्युटरवर असे फोटो कोणीही बनवतं, ही पोरगी तेच शिकलीय. मी याचीच वाट बघत होते. मी करीमचाचांना विचारलं की सलीमने दिलेली सीडी तुमच्या कपाटातच आहे ना, तिला कोणी हात लावलाय का. ते म्हणाले की कुलपात आहे. मग आम्ही सगळेच्या सगळे चालत करीमचाचांच्या घरी गेलो, सीडी घेतली आणि कॅफेत आलो. बर्फाचं मशीन बंद होतं. मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. खुर्चीवर सलीमलाच बसवायला सांगितलं.

"दुसऱ्या फाइलीची नक्कल डेस्कटॉपवर घे," मी म्हटलं. "आता तिचं नाव बदल. ठिपक्यानंतरचं पूस आणि जेपीजी लिही."

त्याची बोटं चालेनात. करीमचाचा त्याच्या मागे उभे होते. ते म्हणाले, "लिही."

त्याने लिहिलं. चित्र उघडलं. मग करीमचाचांनी मुनाफला विचारलं की हे तू हायस का. मुनाफ म्हणाला की फोन आला होता, ध्यान न्हवतं, एवढीच चूक झाली. मला त्याच्या चुकीचा राग नव्हता. चूक कोणाच्याही हातून होते. पण ही चूक त्याने उचलून माझ्या बापाच्या हातात ठेवली होती आणि वर त्या बापाची तब्येत विचारत होता. मी हे तिथे मोठ्याने बोलले. मी पुरं बोलले.

मगरीबच्या नमाजाआधी, दिवस मावळता मावळता मंडळी आमच्या घरी आली. अम्मीने ओटीवर चटई घातली. करीमचाचांनी अब्बांची माफी मागितली, फोटो त्यांच्यासमोर ठेवला, आणि उद्यापासून होडीवर ये म्हणून सांगितलं. मुनाफला जेटीवरून कायमचं काढायचं, त्याने वाटल्यास रत्नागिरीला जावं, असंही ते म्हणाले. अब्बांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की हे तुला कधी मिळालं. खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, नऊ दिवस झाले. अम्मीने तोंडावर पदर घेतला. अब्बांची नजर अंगणाच्या कडेला गेली, तिथे लाकडांवर शिडाचा तुकडा घातलेला होता. ते मला काहीच बोलले नाहीत. ना तेव्हा, ना नंतर कधी. मी त्यांची मुलगी होते हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं असावं, असं मला वाटतं.

मग ते करीमचाचांकडे वळले. "मी येतो," ते म्हणाले. "पण मुनाफला काढू नका. त्याची पोरंबाळं हायेत. त्याला तिथंच ठेवा. माझ्या होडीची रस्सी तोच बांधील, तोच सोडील."

मंडळींचे डोळे भरून आले. करीमचाचांनी त्यांना मिठी मारली. पुढच्या जुम्म्याला मशिदीत मौलानांनी नाव न घेता सांगितलं की आपल्यामध्ये असा एक माणूस आहे ज्याने बदला घेण्याची ताकद असताना माफ केलं. गावात अजून ती गोष्ट सांगतात. फोटो अब्बांनी परत दिला नाही. मंडळींनी नवं शीड करून दिलं. सलीमने कॅफे बंद केला आणि पनवेलला गेला.

अब्बा रोज सकाळी होडीत चढायचे आणि मुनाफ रस्सी धरून उभा असायचा. अब्बा त्याच्याशी एक शब्द बोलत नसत. फक्त होडी सुटायच्या आधी ते बसलेल्या माणसांकडून वळायचे आणि मुनाफच्या हातांकडे बघायचे. शांतपणे, पुरतं, जेवढा वेळ लागेल तेवढा. आल्यावर परत तसंच. जेटीवर उभे असलेले सगळे ते बघायचे. मीही कधीकधी मुद्दाम बघायला जायचे. चौथ्या वर्षी मुनाफचे हात खरंच थरथरायला लागले होते.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता एका दुपारी तो आमच्या घरी आला. बरीच वर्षं तो आमचा उंबरा चढला नव्हता. अब्बा ओटीवर जाळं विणत होते, मी तांदूळ निवडत होते. तो खाली पायरीवरच बसला. त्याने सांगितलं की मुरूडच्या एका लॉजवर राखणीचं काम मिळतंय, पण हसनभाईने सोडल्याशिवाय करीमचाचा सोडायला तयार नाहीत, आणि तो फोटोही तुमच्याकडे हाय. मग पायरीवरूनच वर बघून म्हणाला, "हसनभाई, पुरं झालं. आता मला सोड."

अब्बांनी मला चहा ठेवायला सांगितलं. मी आत जाऊन चहा केला, साखर जरा जास्तच घातली, आणि कप आणून मुनाफच्या हातात दिला. त्याने तो सगळा पिईपर्यंत अब्बा जाळ्याची एकेक गाठ मारत राहिले. कप खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान वर केली. चार वर्षांत ते पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"उद्या भरती साडेसहाला हाय," ते म्हणाले. "वेळेवर ये."